फाटकासमोर लावल्यास शून्य

९ जानेवारी

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस. माझी तब्येत ठणठणीत आहे, आजारी पडलाय तो फोन. तुमच्या त्या पिवळ्या खोदणाऱ्या यंत्राने परवा एकाच घासात जुना नळ, झाडाची मुळं आणि माझी टेलिफोनची तार असं सगळं उपटून बाहेर काढलं. मुकादमाला जाब विचारला तर म्हणाला, नकाशात इथे तारच दाखवलेली नाही. मी त्याला विचारलं की नकाशात तूही दिसत नाहीस, मग तुलाही उपटायचं का. त्यावर तो हसला. शरम म्हणून नाही. तू दिलेला मोबाइल कपाटात आहे आणि तिथेच राहील. अंगावर बाळगलेली वस्तू वाटेल तेव्हा किंचाळणार, हे मला चालायचं नाही. तेव्हा मी लिहीन, तू लिहायचंस. विद्यापीठाची डाक माझ्या घरावरून जाते, एवढी तरी सोय अजून कुणी खणलेली नाही.

आता मुद्द्याचं. विद्यापीठाला नवं ग्रंथालय हवं, जरूर बांधा. सगळा जन्म परीक्षा विभागात काढलेली बाई ग्रंथालयाला नको म्हणणार नाही. पण जिथे सगळ्यांच्या गाड्या उभ्या राहायच्या नेमकं तेच मैदान खणायला घेतलंत. आता त्या गाड्या काय प्राध्यापकांनी डोक्यावर घेऊन वर्गात जायचं? त्या सगळ्या माझ्या गल्लीत आल्या आहेत. एक तिरकी, एक आडवी, एक अर्धी पदपथावर चढून दमल्यासारखी थांबलेली. त्यात एक निळी गाडी तर रोज सकाळी बरोब्बर माझ्या फाटकासमोर येऊन बसते, जसं काही मीच तिला चहाला बोलावलंय.

आमच्या शाळेत सिस्टर डेस्कच्या नीटनेटकेपणाला दहापैकी गुण द्यायच्या. ते गुण खडूने डेस्कवरच लिहायच्या, येणाराजाणारा प्रत्येकजण वाचेल असे. दुसऱ्याच्या फाटकासमोर गाडी लावणाऱ्यासाठी माझ्याकडे एकच गुण आहे, शून्य. तिथे सबब नाही, दया नाही, वरचे चार गुण नाहीत.

बांधकाम चालू असेपर्यंत गाड्यांची व्यवस्था पाहायला ज्या हुशार बाईंना नेमलंय त्या माझ्या सख्ख्या भाची आहेत, याची मला कल्पना आहे. तरीही मी कुलसचिवांकडे रीतसर तक्रार केली आहे. नातं घरात, तक्रार कचेरीत. वाईट वाटून घेऊ नकोस, जेवणाकडे लक्ष दे.

लोभ आहेच. तो वाढायला थोडी जागा ठेव म्हणते, पण तिथेही एव्हाना कुणीतरी गाडी लावलेली असेल.

तुझी,
मोठी मावशी


१३ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझी तक्रार कुलसचिवांनी वाचली, कोपऱ्यात ‘योग्य कार्यवाहीसाठी’ असं लिहिलं आणि दुपारी ती माझ्याच टेबलावर येऊन पडली. पाकिटावरचं अक्षर ओळखून शिपाईमामा ते दोन्ही हातांनी घेऊन आले. परीक्षा विभागाच्या बाईंचं आहे, कुणाचा निकाल लागला, असं त्यांनी विचारलं. माझाच, असं मी सांगितलं.

मावशी, तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. मी रस्ता एकेरी केला, नारिंगी शंकू मांडले, लांबच्या क्रीडांगणाशेजारी नवा वाहनतळ करून दिला, तिथून आत यायला छोटी बससुद्धा ठेवली. तिच्यात चालक आणि मी अशी दोनच माणसं बसतो. बाकीच्यांना वर्गाच्या दारात गाडी हवी, नाही जमलं तर तुझ्या दारात. दंडाच्या पावत्या लावल्या, तर लोक त्यांनी काच पुसतात. शंकूंचं तर विचारूच नकोस. एक काल मुलींच्या वसतिगृहात कुंडी म्हणून वापरलेला दिसला.

एक विचारू? रागावलीस तरी पूर्ण वाच. सभागृहाकडे जाणारा रस्ता आता खड्ड्याच्या काठाकाठाने जातो आणि तो एकच आहे. तिथे एक गाडी जरी बंद पडली तर सगळं ठप्प. तुझं पुढचं फाटक गल्लीत उघडतं आणि मागचं थेट सभागृहाच्या अंगणात. मधली वाट एक गाडी सहज जाईल एवढी रुंद आहे. अडीअडचणीला, फक्त अडीअडचणीला, तिथून गाड्या सोडल्या तर? वाटेत काय ते आपलं बदक, तुझी ती जुनी पिवळसर गाडी, तेवढं उभं आहे. ते बाहेर काढावं लागेल. दर रविवारी तू त्याला जागच्या जागी चालू करतेस, पुसतेस, आरसा नीट करतेस आणि बंद करून आत येतेस. तू निवृत्त झाल्यापासून ते फाटकाबाहेर गेलेलं मी पाहिलेलं नाही. मग निळ्या गाडीने नेमकं अडवलंय काय, असं कुणी विचारलं तर मी काय सांगू? मी विचारत नाहीये. कुणी विचारलं तर.

खड्ड्याला वळसा घालून तुझ्याकडे यायचं म्हणजे आता अर्धं गाव फिरणं होतं, म्हणून रोज संध्याकाळी येता येत नाही. रविवारी मात्र येते. चहा ठेव.

माझ्यावरचा लोभ एकेरी आहे असं समजू नये, इकडूनही वाहतूक चालू आहे.

तुझी,
भिंगरी


१५ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

नाही. नाही म्हणजे नाही. शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर तू पेन चावत बसली असशील, त्या पेनाची दया येते, पण नाही.

त्या मागच्या फाटकातून मी इतकी वर्षं कामावर गेले. पेपरफुटीच्या साली पहाटे गेले, संपाच्या दिवसांत एकटी गेले. निवृत्तीच्या दिवशी निरोपाचं भाषण करणाऱ्या गृहस्थांनी माझं खातंच चुकीचं सांगितलं. मला लेखा विभागातली करून टाकली, आणि सभागृहात कुणाच्या लक्षातही आलं नाही, टाळ्या वाजल्या. त्या संध्याकाळी घरी येऊन मी फाटकाला कुलूप लावलं. माझं कुणाशी भांडण नाही. पण तुमचा खड्डा अडला म्हणून आता त्यांना माझी आठवण यावी आणि माझ्या फुलांच्या वाफ्यावरून त्यांची चाकं जावीत, हे होणार नाही. बदकाचं म्हणशील तर ते माझ्या पैशांनी घेतलेलं आहे आणि त्याला कुठे जायचं नसलं तरी जाता आलं पाहिजे. यातला फरक तुला माझ्या वयात कळेल.

ते असो. तुझ्या पावत्यांचं वाचून मला राहवलं नाही. पावतीवर काय लिहितेस तू? ‘नियमभंग’. असं कोरडं लिहिलंस तर कोण वाचणार! काल जुन्या पुठ्ठ्याची कार्डं कापली, लाल शाई काढली, आणि चष्मा लावून गल्लीतून एक फेरी मारली. प्रत्येक गाडीच्या काचेवर वायपरखाली गुण लावले. एकीला सात: गाडी सरळ, पण दोन गाड्यांमध्ये हत्ती निघेल एवढी जागा का सोडली? एकीला चार: एक चाक पदपथावर, चढायचं तर पूर्ण चढावं नाहीतर खाली उतरावं. एका छोट्या लाल गाडीला नऊ, शाबासकीसह. आणि निळीला शून्य, शेरा असा: दुसऱ्याच्या फाटकासमोर, पुढच्या वेळी पालकांना घेऊन या.

आता माझ्याविरुद्ध तक्रार आली तर तीही तुझ्याच टेबलावर येईल. कोपऱ्यात काय लिहायचं ते तुला माहीत आहे.

रविवारी ये. खड्ड्याचा विषय चहानंतर, फाटकाचा विषय कधीच नाही.

लोभ शाबूत आहे, आज दहापैकी आठ.

तुझी,
मोठी मावशी


२४ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

रविवारी तुझ्यासमोर हसता आलं नाही, कारण तू गंभीर होतीस. त्यानंतर जे चाललंय ते लिहायला बसले आहे आणि हसू आवरून लिहिते आहे.

सोमवारी गणिताचे विभागप्रमुख माझ्या खोलीत आले. निळी गाडी त्यांची. हातात तुझं कार्ड आणि एक आकृती. मोजपट्टीने काढलेली, तुझं फाटक, त्यांची गाडी, कोन वगैरे. त्यांचं म्हणणं असं की गाडीचा फक्त पुढचा भाग फाटकासमोर येतो, म्हणून शून्य अन्यायाचं आहे, निदान तीन तरी मिळायला हवेत. शाळेत गेल्यापासून आजवर आपल्याला कशातही शून्य मिळालेलं नाही, असं सांगताना त्यांचा आवाज खरंच कापत होता. त्यांना फेरतपासणी हवी आहे. मी म्हटलं, फेरतपासणीचे अधिकार परीक्षा विभागाच्या बाईंकडे. ते ऐकताच त्यांनी आकृती गुंडाळली. त्यांच्या तरुणपणी तू त्यांनी तपासलेल्या उत्तरपत्रिका परत पाठवल्या होत्यास म्हणे, बेरीज चुकली होती म्हणून. गणिताची.

दुसऱ्या दिवसापासून निळी गाडी क्रीडांगणाच्या वाहनतळात, आखलेल्या रेषांच्या मधोमध. उतरून त्यांनी चारही बाजूंनी पाहिलं आणि तुझी वाट पाहत उभे राहिले. तू तिकडे कशाला येशील! शेवटी मीच तुझ्या नावाने नऊ दिले. क्षमा असावी.

मावशी, मी केवढी मूर्ख! इथे जो कुणी आहे तो लहानपणापासून गुण मिळवत मिळवतच इथवर आलेला आहे. ही माणसं दंड भरतील, पण चार गुण त्यांना गिळवत नाहीत. काल भाषाशास्त्राच्या दोन प्राध्यापिका एकमेकींना आपापली कार्डं दाखवत होत्या, एकीला आठ, एकीला साडेआठ, आणि तो अर्धा गुण कशाचा यावर इतका वाद झाला की दोघींचा तास बुडाला. बसमध्ये आता उभं राहायला जागा नाही, कारण वाहनतळात लावली तर आठाच्या खाली येत नाही अशी बातमी पसरली आहे. तुझी गल्ली कशी आहे ते खिडकीतून तूच पाहतेस.

कार्डं संपत आली असतील तर पुठ्ठा पाठवते. शाईसुद्धा.

लोभ गुणानुक्रमे नव्हे, नात्यानुसार असावा ही विनंती.

तुझी,
भिंगरी


२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे पराक्रम कन्येकडून कळतात. लहानपणी तू माझ्या वेणीलासुद्धा गुण द्यायचीस आणि ते आरशावर लिहून ठेवायचीस. आईने कितीही पुसलं तरी माझे पाच काही सहा झाले नाहीत. तेव्हा त्या गणितवाल्यांचं दुःख मी समजू शकते.

आता एक गोष्ट सांगते, ती मी सांगितली असं तिला कळता कामा नये. तिने मला शपथ घातली आहे. तिची नेमणूक कच्ची आहे. मार्चमधल्या पदवीदान समारंभाला त्या एका रस्त्याने सगळे पाहुणे, पालक, मुलं येणार. त्या दिवशी सभागृहासमोर गाड्या अडकल्या, समारंभ खोळंबला, तर हे काम बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचं असं कुलसचिवांनी तिला तोंडावर सांगितलंय. नीट पार पडलं तर ती कायम. दुसरीकडून एक बोलावणं येऊन पडलंय, दूरच्या एका शहरातल्या विमानतळावर, याच कामाचं. त्यांना समारंभ झाल्या झाल्या उत्तर हवंय. तिथे गेली तर वर्षातून एकदा तोंड दिसलं तरी पुष्कळ.

तिला जायचं नाही. का जायचं नाही ते तू ओळख, तू हुशार आहेस. मी विचारलं की मावशीला का सांगत नाहीस. ती म्हणाली, सांगितलं की मावशी फाटक उघडेल, आणि माझ्यासाठी म्हणून उघडायला लागणं हे तिला आतून नकोसं असेल. तिचं तिला वाटून उघडलं तर गोष्ट वेगळी. हट्टात ती कुणावर गेली आहे ते मी लिहीत नाही.

माझे गुडघे बरे. तू बदक काढून एकदा ये म्हणून मी किती वर्षं लिहिते आहे, ते बदकालाही ऐकू आलं असेल.

लोभ करतेस तसाच करावा, फक्त गुण देऊ नयेत.

तुझी,
धाकटी


६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

पत्र पावलं. जाऊ दे की तिला! विमानतळ म्हणजे चांगलं काम. विमानं तरी वेळेवर जागेवर उभी राहतात. मुलींनी लांब जावं, मोठं व्हावं, म्हाताऱ्या मावशीच्या चहासाठी कुणी आयुष्य अडवून ठेवू नये. माझं म्हणशील तर मला माझी पुस्तकं आहेत, गल्ली आहे, रेडिओ आहे. तिची मला काय सवय? रविवारी येते, दोन कप चहा पिते, माझ्या खुर्चीत बसते, माझं वर्तमानपत्र उलटं घडी घालून ठेवते. ती घडी मी सोमवारी सरळ करते. कधी कधी मंगळवारी.

वरच्या खिडकीतून तिच्या कक्षाचं दार दिसतं. मी काही मुद्दाम पाहत नाही, खिडकी त्या बाजूला आहे त्याला मी काय करू! सकाळी येते तेव्हा आधी खड्ड्याच्या काठाला उभी राहते, शंकू मोजते, एक कमी असतो, कपाळाला हात लावते, आणि मग हसते. कमी असलेल्या शंकूवर हसणारी माणसं फार नसतात ग.

पण फाटकाचं म्हणशील तर ती म्हणाली ते बरोबर आहे. कुणासाठी म्हणून उघडायचं नाही. मला सांगितलंस ते मी विसरले आहे.

बदक नीट आहे. तुझ्याकडे यायचं तर रस्त्यावर किती गाड्या असतात हल्ली! सगळ्यांनाच चालवता येतं असं समजून चालवतात.

लोभ आहे. पाचाचे सहा केले, आता पत्रात तो विषय नको.

तुझी,
ताई


१० मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

परवा पदवीदान. या रविवारी येऊ शकले नाही, रागावू नकोस. सगळं कागदावर नीट बसलं आहे. पाहुण्यांच्या गाड्या आधी, पालकांच्या नंतर, पदवीधरांना वाहनतळातून बस. बांधकामाच्या ठेकेदाराला लेखी बजावलं आहे की त्या दिवशी एकही ट्रक आत येता कामा नये. त्याने मान डोलावली. त्याची मान सगळ्यालाच डोलते, तेवढीच एक काळजी.

गणिताचे सर स्वयंसेवक म्हणून उभे राहणार आहेत, सभागृहाच्या अंगणात. स्वतःहून आले. नऊ गुण मिळाल्यापासून त्यांचा स्वभाव बदलला आहे.

मागच्या फाटकाचं पुन्हा विचारणार नाही असं मी ठरवलं होतं, आणि विचारत नाहीये. तू वरच्या खिडकीतून बघ. मला माहीत आहे तू बघतेस. हात हलवला तर ओळख दे.

तुझा लोभ पाठीशी आहे असं धरून चालले आहे, मागून कुणी हॉर्न वाजवला तरी.

तुझी,
भिंगरी


१३ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

अक्षर आज वाकडं आलं आहे, ते वयाने नाही, संतापाने. जरा आनंदानेही असेल, पण मुख्यतः संतापाने. सगळं सांगते.

काल सकाळी मी वरच्या खिडकीत चहा घेऊन बसले होते. आणि बघते तर काय, पाहुण्यांच्या गाड्या यायची वेळ आणि त्या ठेकेदाराचा काँक्रीटचा ट्रक डुलत डुलत आत! नंतर कळलं, तो म्हणे कालवलेलं काँक्रीट थांबत नाही. माणसं थांबतात, बरोबर! खड्ड्याच्या वळणावर ट्रकचं मागचं चाक रस्त्याच्या कडेत रुतलं आणि तो आडवा झाला. पोट मात्र गोल गोल फिरतंच आहे, जेवण जिरवत बसल्यासारखं. सभागृहाचा एकुलता रस्ता बंद.

पाहता पाहता गल्ली भरली. प्रमुख पाहुण्यांची काळी गाडी, तिच्यामागे कुलसचिवांची, तिच्यामागे पालक, कॅमेरे, फुगलेले झगे घालून खिडकीतून डोकं काढणारी मुलं. एक मुलगी एक बूट हातात घेऊन चालत सुटली. आणि या सगळ्याच्या मध्ये आपली भिंगरी. तोंडात शिट्टी होती, पण वाजवत नव्हती. वाजवून काय करणार, गाड्यांना पंख थोडेच फुटणार होते!

आणि मग धाकटे, तिने एकदा माझ्या फाटकाकडे पाहिलं. एकदाच. आणि लगेच मान दुसरीकडे वळवली, ट्रककडे, जसं काही तिथेच उत्तर आहे. मागायचं नाही असं ठरवलेल्या माणसाची मान कशी वळते ते मी काल पाहिलं. वर खिडकीकडे हातसुद्धा हलवला नाही. हात हलवला तर मी ते मागणं समजेन, अशी भीती वाटली असणार कार्टीला.

चहा तिथेच ठेवला आणि मी घरातल्या सपाता घालून खाली उतरले. कुणासाठी म्हणून नाही हं. वाट माझी आहे, फाटक माझं आहे, मला वाटलं, उघडलं.

मागचं कुलूप गंजून बसलं होतं. किल्ली फिरेना. पलीकडून गणिताचे सर झगा सावरत धावत आले आणि गजांतून सल्ले द्यायला लागले, उजवीकडे फिरवा, किंचित उचला, आता डावीकडे. मी त्यांना सांगितलं की आकृती काढून दाखवा. शिवणयंत्राचं तेल आणून दोन थेंब घातले आणि कुलूप असं उघडलं जसं वर्षानुवर्षं वाटच पाहत होतं. दोन्ही हातांनी मी आतून ओढलं, सरांनी बाहेरून ढकललं.

मग बदक. सगळी गल्ली बघत होती. पहिल्या फटक्यात चालू! दर रविवारच्या घरघरीला जे हसत होते त्यांनी हे लिहून ठेवावं. गिअर टाकला, फाटकाबाहेर आले, काळ्या गाडीच्या नाकाला चाटून वळले, मिळेल तिथे बदक सारलं आणि धावत परत आले. धावत म्हणजे माझ्या मानाने.

आणि मग फाटकाशी उभी राहून एकेक गाडी आत घेतली. उभं राहिल्यावर मला गप्प बसवेना, प्रत्येकाला जाता जाता तोंडी गुण दिले. प्रमुख पाहुण्यांनी काच खाली करून आपले किती, असं विचारलं. माझी कुंडी फोडली होती त्यांनी, सहा सांगितले. ते म्हणाले, येताना आठ करून दाखवतो. कुलसचिवांना सात. त्यांनी हात जोडले, जोडायलाच हवे होते. फुलांच्या वाफ्याचं वाटोळं झालं आहे. डेलियाचं एक रोप नावाला उरलेलं नाही. आणि मी मूर्खासारखी या, या, डावीकडे घ्या, म्हणत होते.

समारंभ वेळेवर सुरू झाला. शेवटची गाडी गेल्यावर भिंगरी चालत आली. गळ्यातली शिट्टी काढली आणि माझ्या गळ्यात घातली. मी तिला सांगितलं की हिला थुंकी लागलेली आहे. तर ती रडायलाच लागली, आणि हसायला, दोन्ही एकदम, रस्त्याच्या मधोमध, जिथे उभं राहायला मनाई आहे.

निकाल अजून कळायचा आहे. तू तिला काही विचारू नकोस. विचारलंस तर मला कळव.

लोभ काल थोडा चेंगरला, पण मुळं शाबूत आहेत.

तुझी,
ताई


१४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आज सकाळी कुलसचिवांनी बोलावलं. मी कायम झाले. विमानतळाला नम्रपणे नाही असं कळवलं आहे. तुला विमानतळाचं ठाऊक नव्हतं असं मला वाटत होतं, पण आईने तुला सांगितलंय हे तुझ्या त्या सपातांवरून मी ओळखलं. घरातल्या सपाता घालून तू यापूर्वी फाटकापर्यंतसुद्धा आलेली नाहीस.

कुलसचिव आणखी एक म्हणाले. त्या बाई लेखा विभागात होत्या ना, असं ते विचारत होते. मी त्यांना बसवून नीट सांगितलं, कुठला विभाग, किती वर्षं, आणि निकाल कुणामुळे वेळेवर लागायचे. त्यांनी लिहून घेतलं. पुढच्या समारंभाला पहिल्या रांगेत खुर्ची असेल, पाठीवर खातं बरोबर लिहिलेलं.

आता कामाचं. पहिल्याच पत्रात नातं घरात, तक्रार कचेरीत असं तू लिहिलं होतंस, म्हणून नाइलाज आहे. समारंभाच्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत एक जुनी, पिवळसर, बदकासारखी दिसणारी गाडी तुझ्या गल्लीतल्या दंतवैद्यांच्या फाटकासमोर आडवी उभी होती. दंतवैद्य आत, पेशंट बाहेर. त्यांची तक्रार लेखी आली आहे. खाली कोपऱ्यात कुणी काय लिहिलंय ते तुला माहीत आहे.

सोबत कार्ड जोडते आहे. लाल शाई तुझीच, मागे एका रविवारी उसनी नेली होती ती.

शून्य. दुसऱ्याच्या फाटकासमोर. पुढच्या वेळी पालकांना घेऊन या.

लोभाच्या बाबतीत मात्र तुला दहापैकी किती ते मोजायला माझ्याकडे पट्टी नाही.

तुझी,
भिंगरी


१५ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कार्ड मिळालं. तीन वेळा वाचलं, भिंगाखाली धरून वाचलं. फेरतपासणीचा अर्ज करणार नाही. उत्तरपत्रिका मीच तपासून पाहिली, शून्यच बसतं. इतक्या लोकांना नापास केल्यावर नापास होणं म्हणजे काय ते एकदा पाहिलं. वाटतं तेवढं वाईट नसतं, पण गणितवाल्यांना हे सांगू नकोस.

दंतवैद्यांना जाऊन माफी मागितली. त्यांनी तोंड उघडायला सांगितलं आणि दोन दाढा किडल्या आहेत असं कळवलं. सूडच तो.

फेरपरीक्षा मात्र देणार. रविवारी सकाळी तुझ्या क्रीडांगणाशेजारच्या वाहनतळावर बदक घेऊन येते. रेषा आखलेल्या असू देत, आणि बघ्यांची गर्दी नको. पास झाले तर तशीच पुढे धाकटीकडे जायचं. तिच्या वेणीचे गुण प्रत्यक्ष सुधारून द्यायचे आहेत. तू शेजारी बसायचंस आणि ब्रेकच्या जागी पाय दाबायचा नाही, मला दिसतं.

पालकांना आणायला सांगितलं आहेस. ते तर आता नाहीत. घरात वडीलधारी म्हणून मीच आहे, आणि माझ्या बाजूने कुणी उभं राहायचं झालं तर एक भाची आहे, कायम झालेली. तिलाच आणेन.

आणि एक. खड्ड्याला वळसा घालून अर्धं गाव फिरत येऊ नकोस. सभागृहाच्या अंगणातून ये, मागचं फाटक उघडंच असतं. चहा संध्याकाळी ठेवते, रविवारचीच वाट कशाला पाहायची!

लोभ आत आणून लावला आहे, सरळ रेषेत.

तुझी,
मोठी मावशी